एका कोयत्याची दोन मतं

काल सकाळी दुकानाच्या पायरीवर पाणी मारत होते, तेवढ्यात वेशीकडून पहिला टेम्पो आला. मागं माणसं दाटीवाटीनं उभी, गड्यांच्या कानाला टॉवेल गुंडाळलेले, बायांच्या कडेवर लेकरं, आणि टपावर उसाच्या दोन मोळ्या. टेम्पो दुकानासमोरून गेला तसा मळीचा आंबूस वास आला. तो वास नाकात शिरला आणि मला ती तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवली. हातातलं पाणी सांडून पायावर गेलं तरी मी तशीच उभी.

ऐन थंडीत, कारखाने जोरात चालू असताना, ऊसतोडीला गेलेलं माणूस गावाकडं फिरकत नाही. मयत झाली तर येतं, नाहीतर निवडणूक लागली तर येतं. मयतीला आलं तर स्वतःच्या खर्चानं, रडत-धडपडत. निवडणुकीला मात्र उसाच्या फडावर गाडी येते, वाटेत जेवण मिळतं, आणि मत दिलं की संध्याकाळी परत नेऊन सोडतात. एवढा मान आमच्या गावच्या माणसांना वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही.

आमचं गाव शिरूर कासारपासून आत, माळावर. दसरा-दिवाळी झाली की रिकामं होतं. दाराला कुलूप आणि कुत्री बसू नयेत म्हणून उंबऱ्यावर बोराटीची फांदी, असं गल्लीच्या गल्ली दिसतं. मागं राहतात ती म्हातारी माणसं, शाळेची थोडी पोरं आणि आमच्यासारखे दुकानदार. गिऱ्हाईक म्हणजे तंबाखूची पुडी आणि डोकेदुखीची गोळी. आमचे हे त्या सहा महिन्यांत पेपर पाठ करतात. मी समोरच्या कुलपांकडं बघत गहू निवडते.

आणि मग निवडणूक लागते. एक-दोन दिवसांसाठी कुलपं उघडतात, फांद्या बाजूला होतात, आणि सकाळी सगळ्या चुलींचा धूर एकदम वर चढतो. लग्न होऊन या गावात आल्याला मला तीस वर्षं झाली. पण तो धूर बघितला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. राज्य कुणाचं येतं, कुणाचं जातं, ते जाऊ द्या. एका मतासाठी एवढी माणसं एवढ्या लांबून उभ्यानं प्रवास करून येतात, हेच मला केवढं तरी वाटतं.

त्या थंडीत ग्रामपंचायतीची निवडणूक होती. आमच्या वॉर्डात बाईची जागा होती, आणि उभ्या दोघी. एक नाना मुकादमाची भावजय. मुकादम म्हणजे ऊसतोडीला माणसं जमवून नेणारा, आधी उचल म्हणून आगाऊ पैसे देणारा, आणि मग सहा महिने त्यांचा मायबाप असणारा माणूस. पोस्टरवर नानाचा फोटो परातीएवढा आणि भावजयीचा वाटीएवढा. ती बिचारी प्रचाराला घराबाहेर सुद्धा पडली नाही. दुसरी कौसाबाई. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या पोरांसाठी शाळेत तेवढ्यापुरतं वसतिगृह चालतं, तिथं ती स्वयंपाक करायची. पोरांना ती भाकरी तर घालायचीच, वर कान धरून अभ्यासालाही बसवायची. डाळ पातळ झाली तर शाळेत जाऊन भांडायची. म्हणून ती उभी राहिली.

द्वारका आमच्या मागच्या गल्लीतली. नवरा भागवत. दोघं नानाच्या टोळीत. त्यांची कोमल तेव्हा सहावीत होती, आणि त्याच वर्षी पहिल्यांदा आईबापाबरोबर फडावर न जाता कौसाबाईपाशी राहिली होती. त्याआधीच्या वर्षी ती पाचटात बसून धाकट्या भावाला सांभाळायची. द्वारकाचं म्हणणं साधं होतं. कौसाबाई निवडून आली तर वसतिगृह चालेल, आणि वसतिगृह चाललं तर पोरगी शिकेल. नानाला वसतिगृहाचं वावडं होतं. पोरं गावात राहिली की आयांचा जीव गावाकडं ओढतो, काम कमी होतं, असं तो उघड बोलायचा.

मतदानाच्या आदल्या दिवशी भर दुपारी नानानं सगळी टोळी महादेवाच्या देवळासमोर बसवली. आमचं घर देवळाला लागूनच आहे. परसात बेलाचं जुनं झाड आहे, आणि गावाला बेल लागला की आमच्याकडूनच जातो. नानाचा माणूस टोपली घेऊन आला. आमच्या ह्यांनी स्वतः काठीनं फांद्या वाकवून टोपली भरून दिली, वर भंडाऱ्याची पुडी दिली.

"पैसे?" त्यानं विचारलं.

"देवाच्या कामाला कसले पैसे?" हे म्हणाले.

देवाचं काम कसलं! आमच्याकडं कोर्टातली शपथ लोक पानाच्या पिचकारीसारखी थुंकून टाकतात, पण हातावर बेलाचं पान आणि भंडारा घेतला की संपलं. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं, हे लहान पोराला सुद्धा माहीत. मताच्या यंत्रापुढं पुठ्ठ्याचा आडोसा असतो, आत कुणी बघत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण महादेवाला पुठ्ठ्याचं काय? म्हणून पैशाचं पाकीट आणि बेलभंडारा हे दोन्ही बरोबर चालतं.

मी परसाच्या भिंतीआडून बघत होते. नाना एकेक नाव पुकारत होता. गडी उठायचा, पाकीट घ्यायचा, हातावर पान-भंडारा घ्यायचा, पिंडीकडं तोंड करून बोलायचा आणि खाली बसायचा. एका कोयत्याला एक पाकीट. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तो तोडणारा आणि ती मोळ्या बांधणारी. ऊसतोडीत माणसं अशीच मोजतात. गडी एकटा आला तर तो अर्धा कोयता. बाई एकटी कुणी मोजतच नाही. नानानं आयुष्यभर जसं मोजलं तसंच मतांनाही मोजलं. बायका मागं सावलीला बसून लेकरांच्या उवा बघत होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी द्वारका तेल न्यायला दुकानात आली. हाताला पाचटाचे चिरे, त्यात काळं भरलेलं. मी तिला आडून विचारलं.

"मग झालं का ग लक्ष्मीदर्शन?"

"झालं की. ह्यांनी पाकीट घेतलं, बेलभंडारा उचलला."

"मग कौसाबाईचं काय?"

"तिला मी देनार हाय."

मी तराजू तसाच धरून राहिले. "अग, शपथ घेतली ना?"

"मी कुठं घेतली, काकू? ह्यांनी घेतली. ह्यांनी त्यांचं मत नानाच्या भावजयीला द्यावं. देवाला बोललेत तर द्यायलाच पायजे, मीच ताकीद दिलीया. पर मला कुनी इचारलंच न्हाई." तिनं पिशवीत बाटली ठेवली, पदर खोचला, आणि म्हणाली, "ऊस तोडताना आमी दोघं मिळून एक कोयता. पर मताला मी आख्खी हाय."

मी पोथी वाचते, हरिपाठाला जाते, कॉलेजचं एक वर्ष केलेली बाई आहे. पण असं वाक्य मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती उंबरा उतरून गेली तरी मी तिच्या पाठीकडं बघत होते. पायात तुटक्या पट्ट्याची चप्पल, आणि चालत होती अशी की गाव तिच्याच मालकीचं.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं रांगा लागल्या. बाया अंघोळी करून, असतील ती चांगली लुगडी नेसून आल्या होत्या. मत देऊन दुकानावरून जाताना त्यांची बोटं मला दिसत होती. शाई बोटाच्या चिऱ्यांत उतरली होती. आमच्या बोटांवर ती नुसती ठिपक्यासारखी बसते आणि दोन आठवड्यांत जाते. संध्याकाळी टेम्पो त्यांना घेऊन परत गेले आणि दारांना पुन्हा कुलपं लागली.

शिरूरला मोजणी झाली. सरपंचपद नानाच्या पॅनेलला गेलं, पण आमच्या वॉर्डात कौसाबाई अकरा मतांनी आली.

नाना दुपारी दुकानात आला. पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि पोत्यावर बसला. चेहरा पार उतरलेला. "आप्पा," तो आमच्या ह्यांना म्हणाला, "समद्यांनी बेल उचलला. मी सोता बगितलं. एक जन न्हाई सुटला. मग मतं गेली कुठं? लोकं देवाला बी भ्यायची न्हाईत आता?" त्याला खरंच दुःख झालं होतं. पैसे बुडाले म्हणून नव्हे, तर गाव देवापुढं खोटं बोललं म्हणून. विकत घेणाऱ्यालाही विकणाऱ्याच्या खरेपणाचा केवढा भरवसा! मला हसावं की रडावं कळेना.

आणि तिथं माझी जीभ सुटली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. "नाना, कुणी खोटं बोललं नाही," मी म्हणाले. "गड्यांनी शब्द पाळला. बायांना तुम्ही शपथ घातलीच कुठं?"

मग हळूहळू नानाच्या डोक्यात उजेड पडला. मलाही तेव्हाच कळलं, द्वारका एकटी नव्हती तर! सावलीला बसून उवा बघणाऱ्या त्या सगळ्या बायांना ते त्याच दुपारी कळलं होतं, एकमेकींशी एक शब्द न बोलता. किंवा बोलल्याही असतील, मला काय माहीत. मला तेव्हा एवढा आनंद झाला होता की आपण काय सांगून बसलो हे लक्षातच आलं नाही. हे मात्र माझ्याकडं डोळे वटारून बघत होते.

कौसाबाईनं पुढं काय केलं, असं कुणी विचारलं तर फार सांगण्यासारखं नाही. वसतिगृह दोन वर्षं नीट चाललं, तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर महिनाभर उशिरा सुरू झालं. ग्रामपंचायतीत बाकीचे सगळे नानाचे, तिचं कोण ऐकतो? पण पोरांची डाळ पातळ झाली नाही आणि कोमल आज नववीत आहे. मी तेवढ्यावर समाधान मानते.

दुसरी एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पलीकडच्या वॉर्डात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं, म्हणून तिथल्या बाया घागरी घेऊन त्यांच्या सदस्याच्या दारात गेल्या. तो बाजेवरून उठलाही नाही. "मतं काय फुकट दिलती का?" तो म्हणाला. "रोख दिलंय समद्यांना. आता कशाचं पानी मागता?" आणि त्या बाया, रोज एकमेकींशी नळावर कचाकचा भांडणाऱ्या, मुकाट्यानं मागं फिरल्या. त्यांना ते खरं वाटलं! व्यवहार झाला, माल दिला, आता तक्रार कसली, असं त्यांना मनापासून वाटलं. पाकिटानं नुकसान होतं ते हे. माणसाचा बोलायचा हक्कच त्याच्या तोंडातून काढून घेतला जातो, आणि तोही त्याच्याच इमानाला हाताशी धरून.

आणि पाकीट न घेणारे आम्ही काय धुतल्या तांदळासारखे आहोत? आमच्या दुकानाचा पत्रा चार फूट रस्त्यावर आलाय. दर निवडणुकीआधी कुणीतरी येऊन त्याच्याकडं नुसतं बघतं आणि म्हणतं, "आप्पा, लक्ष असू द्या." हे म्हणतात, "असतं की." आम्हाला कुणी बेलभंडारा उचलायला लावत नाही. आमच्यावर तेवढाही विश्वास लागत नाही.

तर आता पुन्हा निवडणूक आहे, जिल्हा परिषदेची, आणि पुन्हा ऐन हंगामात. काल टेम्पो आला त्याच दुपारी नानाचा माणूस टोपली घेऊन दारात उभा राहिला. "काकू, औंदा दुप्पट बेल लागतुया. बायांची बी शपथ हाय."

हे माझंच काम होतं. चार शब्द शहाणपणाचे बोलले होते आणि त्याची किंमत दुसऱ्याच बायांना मोजायला लागणार होती. मी म्हणाले, झाडाला पानं नाहीत. तो माझ्या डोक्यावरून झाडाकडं बघून हसला. हे आतून आले आणि काठी घेऊन परसात गेले. मी द्वारकाच्या घराकडं गेले, तर तिच्या दाराला पुन्हा कुलूप. सगळी देवळापुढं गेलेली.

या वेळी मी भिंतीआड थांबले नाही. देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. नाना जोडीनं पुकारत होता. नवरा-बायको दोघं उठायची, दोघांच्या हातावर पान-भंडारा, दोघांनी बोलायचं. चार-पाच जोड्या झाल्या. बाया खाली मान घालून पुटपुटत होत्या. एकीच्या हातून भंडारा सांडला, तर नानानं तिला पुन्हा घ्यायला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग भागवत आणि द्वारकाचं नाव आलं. भागवतनं पाकिटाला हात पुढं केला तशी द्वारका म्हणाली, "नाना, ह्याच्यात किती मतांचं हाय?"

"दोघांचं. कावून?"

"एकाचं काढून घ्या मग. मपलं इकायचं न्हाई."

नाना हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. "लई शानी झालीस का ग? पुढल्या साली कोयता कुठं लावनार हाईस?"

"तुमी लावला तर तुमच्याकडंच. दिस उगवायच्या आदी फडात उभी ऱ्हाईन, कदी उशीर केलाय का मी? हात मपले तुमी घेतलेत नाना, त्यात कसूर न्हाई करायची. पर मत त्यात न्हवतं."

"आन तुजा नवरा काय म्हनतो?"

भागवत कधी चार माणसांत बोललेला मी पाहिला नाही. त्यानं पाकीट उघडलं, अर्ध्या नोटा काढून पायरीवर ठेवल्या, हातावर बेलाचं पान घेतलं, आणि पिंडीकडं बघत त्याच्या एकट्याच्या मताची शपथ घेतली, घाईघाईनं. मग नानाला म्हणाला, "मी मपली घेतली. तिची मी कशी घेऊ?"

त्या नोटा म्हणजे त्या दोघांची कित्येक दिवसांची तोडणी. पायरीवर त्या वाऱ्यानं हलत होत्या आणि त्यांना कुणी हात लावेना. पुढच्या वर्षी नाना त्यांना उचल देईल की नाही, दुसरा मुकादम घेईल की नाही, कोमलच्या दहावीचं काय, हे सगळं त्या दोघांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी हात जोडले. देवळात उभी होते, म्हणून लोकांना वाटलं देवाला जोडले.

ते दोघं जाऊन आपल्या जागी बसले. नानानं पुढचं नाव पुकारलं. पुढच्या बाईनं शपथ घेतली, त्याच्या पुढच्या बाईनंही घेतली. सिनेमात होतं तसं काही झालं नाही. शेवटी एक म्हातारी मात्र, नवरा मेलेली, लेकाबरोबर अर्धा कोयता म्हणून जाणारी, पाकिटाकडं न बघताच म्हणाली, "मला बी नगं रे बाबा," आणि काठी टेकत घराकडं चालायला लागली.

द्वारका या वेळी कुणाला मत देणार आहे, मी विचारलं नाही. दुकानात आली होती, तेल घेतलं, कोमलला वही घेतली. मी म्हणाले, "बाई ग, माझ्या तोंडामुळं तुझ्यावर ही पाळी आली." तर म्हणाली, "बरं झालं की काकू. मागल्या टायमाला चोरून दिलतं. औंदा सांगून देते."

आज दुपारी जेवताना हे म्हणाले, "उद्या सकाळीच जाऊन येऊ. आपलं ठरलंय." आणि उमेदवाराचं नाव सांगितलं. तीस वर्षं असंच नाव सांगतात, आणि मी ताटात कालवण वाढता वाढता बरं म्हणते. आज मी म्हणाले, "तुमचं ठरलं असेल. माझं मला बघू द्या."

मला वाटलं, आता घास खाली ठेवतील, आवाज चढेल. ते चकित होऊन म्हणाले, "बघ की. तुला कधी कुणी अडवलंय?"

खरंच होतं. मला कुणीच कधी अडवलं नव्हतं. पाकीट नाही, शपथ नाही, मुकादम नाही. माझं मत मी फुकटात देऊन टाकलं होतं, दर वेळी, कालवणाबरोबर.

आता उन्हं कलली आहेत. गिऱ्हाईक नाही. उमेदवारांची नावं पेपरात आली आहेत, ती मी चार वेळा वाचली. कोण काय करतो, कुणी काय केलं, मला काही म्हणजे काही माहिती नाही. ह्यांना विचारावं तर विचारायचं नाही. कौसाबाईला जाऊन विचारावं असंही वाटलं, पण तेही नको. पन्नाशी उलटलेली बाई मी, पेपर हातात धरून बसले आहे आणि छातीत धडधडतंय. एवढं मोठं काहीतरी इतकी वर्षं माझ्याकडं होतं, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.